कोंबडीवरचा कर, वाळवंटातले युद्ध आणि एक टनाची गाडी : टोयोटा हायलक्सचा इतिहास

१/
२ जानेवारी १९८७. आफ्रिकेतील चाड या देशाच्या उत्तर भागातील फादा हे ठाणे लिबियाच्या सैन्याच्या ताब्यात होते. ठाण्यात रणगाडे होते, तोफा होत्या, पक्की मोर्चेबांधणी होती. त्यावर चाडचे सैनिक चालून आले ते उघड्या हौद्याच्या टोयोटा गाड्यांतून. लढाई संपली तेव्हा लिबियाचे सातशेहून अधिक सैनिक ठार झाले होते आणि नव्वदच्या आसपास रणगाडे कामातून गेले होते. चाडच्या मृतांची संख्या वीसच्या आत सांगितली जाते.

२/
१९८६च्या अखेरीपासून सप्टेंबर १९८७पर्यंत चाललेल्या या संघर्षाला इतिहासात ‘टोयोटा युद्ध’ असे नाव पडले. एखाद्या खासगी कंपनीच्या मालवाहू गाडीवरून युद्ध ओळखले जावे, असे फार क्वचित घडते. त्या गाड्यांपैकी एक होती हायलक्स. जपानमधील छोटे दुकानदार, सुतार, गवंडी आणि शेतकरी यांचा एक टन माल वाहावा, एवढ्याच हेतूने ती जन्माला आली होती.

३/
मध्यम आकाराच्या पिकअपचे माहितीपत्रक उघडले तर त्यात चौकट, हौदा, दोन किंवा चार चाकांना मिळणारी ताकद, पेट्रोल वा डिझेल इंजिन, अश्वशक्ती आणि टॉर्क अशी कोरडी यादी दिसते. हायलक्सच्या बाबतीत मात्र या यादीतील जवळजवळ प्रत्येक नोंदीमागे एखादा कर, एखादी इंधनटंचाई किंवा एखादे युद्ध उभे आहे. त्या यादीचा हा इतिहास. #धागा

४/
आरंभ जपानमध्ये. १९६६च्या ऑक्टोबरमध्ये हिनो ही ट्रक आणि बस बनवणारी कंपनी टोयोटाच्या सहकार्यात आली. हिनोकडे ‘ब्रिस्का’ नावाची लहान पिकअप होती. मोठ्या वाहनांचा अनुभव असलेल्या हिनोने टोयोटासाठी नवी पिकअप तयार करावी, असे ठरले. हामुरा येथील हिनोच्या कारखान्यातून मार्च १९६८मध्ये पहिली हायलक्स बाहेर पडली.

५/
‘हाय’ आणि ‘लक्झरी’ हे दोन शब्द जोडून हे नाव तयार केले होते. प्रत्यक्षात त्या गाडीत चैनीचे असे फारसे काही नव्हते. केबिनमध्ये तिघांना पुरेल असे एक सलग बाक, सुकाणूच्या दांड्यालगत गिअरचा दांडा आणि मागे पत्र्याचा हौदा. केवळ ओझी वाहणाऱ्या गाडीतही चालकाला मोटारीत बसल्यासारखे वाटावे, एवढाच त्या नावाचा दावा होता.

६/
पहिले इंजिन १,४९० सीसीचे, चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे. ताकद सुमारे ७७ अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर. १९७१मध्ये जवळपास १,६०० सीसीचे इंजिन आले. आकडे आज किरकोळ वाटतात. पण हौद्यात एक टन माल घेऊन घाट चढायचा असेल, तर कमाल वेगापेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ आणि तापल्यावरही न रुसणारे यंत्र यांचे मोल अधिक असते.

७/
या गाडीचा खरा कणा होता तिची चौकट. पोलादाच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच. इंजिन, केबिन, हौदा आणि चाके हे सारे या शिडीला स्वतंत्रपणे जोडलेले. मागच्या बाजूला एकावर एक रचलेले पोलादी पाटे. पुढे स्वतंत्र हालचाल करणारी चाके, म्हणजे रस्त्यावर सुकाणू हलके राहते.

८/
शिडीच्या चौकटीचा एक गुण पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. हौदा हा गाडीच्या ढाच्याचा अविभाज्य भाग नसतो. तो काढून ठेवला तरी गाडी चालते. त्याच्या जागी पाण्याची टाकी बसवता येते, रुग्णवाहिकेची खोली बसवता येते, शीतपेटी बसवता येते. तोफसुद्धा बसवता येते. अभियंत्यांनी सोयीसाठी केलेली ही रचना पुढे कस्टमच्या कचेरीत आणि रणांगणावरही निर्णायक ठरली.

९/
आता कथा अमेरिकेकडे वळते आणि तिचे कारण आहे कोंबडी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालनाचे कारखान्याच्या धर्तीवर उत्पादन सुरू झाले आणि कोंबडीचे मांस कमालीचे स्वस्त झाले. ते पश्चिम जर्मनीच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. तेथील शेतकरी या स्वस्ताईपुढे टिकेनात. १९६२मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने आयात कोंबडीवरील शुल्क वाढवले आणि अमेरिकी निर्यात कोसळली.

१०/
तंटा आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या म्हणजे ‘गॅट’च्या दारात गेला. अमेरिकेचे नुकसान २ कोटी ६० लाख डॉलरचे आहे, असे तेथील मंडळाने नोव्हेंबर १९६३मध्ये ठरवले. तेवढ्या रकमेचे प्रतिशुल्क लावण्याची मुभा अमेरिकेला मिळाली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. लिंडन जॉन्सन यांनी अध्यक्षपद स्वीकारल्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, ४ डिसेंबर रोजी, प्रतिशुल्काची घोषणा काढली.

११/
शुल्क चार वस्तूंवर होते : बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके मालवाहू ट्रक. शेवटच्या वस्तूवर थेट २५ टक्के. रोख होता पश्चिम जर्मनीच्या फोक्सवॅगनवर, कारण तिच्या व्हॅन आणि पिकअप अमेरिकेत खपत होत्या. पण व्यापार कराराच्या नियमानुसार असे शुल्क एकाच देशापुरते ठेवता येत नव्हते. ते सर्वांनाच लागू झाले. ७ जानेवारी १९६४पासून अंमल सुरू झाला, तेव्हा हायलक्सचा जन्मही झाला नव्हता.

१२/
या शुल्काला लोक ‘चिकन टॅक्स’ म्हणू लागले. इतर तीन वस्तूंवरील वाढीव शुल्क पुढे उठले. ट्रकवरचे राहिले. ज्या कोंबड्यांवरून भांडण सुरू झाले त्यांचा हिशेब इतिहासजमा झाला, तरी पिकअपवरील २५ टक्के मात्र साठ वर्षे उलटल्यानंतरही कायद्याच्या पुस्तकात ठाण मांडून आहेत. एखादी तात्पुरती शिक्षा स्थानिक उद्योगाला फायद्याची ठरली, की ती उठवण्याची निकड कोणालाच उरत नाही.

१३/
१९६९मध्ये हायलक्स अमेरिकेत पोहोचली. तेथील लांब आणि वेगवान रस्त्यांसाठी तिला सुमारे १,९०० सीसीचे मोठे इंजिन दिले होते. पूर्ण बांधलेली पिकअप बंदरात उतरवली तर २५ टक्के शुल्क. हौदा नसलेला, केवळ केबिन आणि चौकट असलेला सांगाडा उतरवला तर मात्र ४ टक्के. कारण कायद्याच्या लेखी तो अजून ट्रक झालेला नसे!

१४/
शिडीच्या चौकटीचा गुण येथे उपयोगी पडला. जपानहून हौद्याविना सांगाडे यायचे आणि हौदे अमेरिकेत बनवून त्यांवर चढवले जायचे. त्यासाठी १९७२मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे टोयोटासाठी हौदे बनवण्याचे काम सुरू झाले. टोयोटाचे उत्तर अमेरिकेतील हे पहिले उत्पादनकेंद्र. पुढे तेथे उभ्या राहिलेल्या टोयोटाच्या भव्य कारखान्यांच्या इतिहासाचे पहिले पान म्हणजे हे पत्र्याचे हौदे.

१५/
ही पळवाट एकट्या टोयोटाची नव्हती. जपानच्या इसुझूने बनवलेली पिकअप शेवरोलेच्या ‘लव्ह’ या नावाने आणि माझदाची पिकअप फोर्डच्या ‘कुरियर’ या नावाने अशाच सांगाड्यांच्या रूपाने येई. म्हणजे ज्या कंपन्यांचे संरक्षण व्हावे म्हणून शुल्क टिकून होते, त्याच कंपन्या ते चुकवत होत्या. सुबारूने तर ‘ब्रॅट’ या पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या आणि ही मालवाहू नव्हे, प्रवासी गाडी आहे, असा पवित्रा घेतला.

१६/
दरम्यान १९७३ची आणि १९७९ची तेलटंचाई आली. पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या आणि आठ सिलिंडरच्या अवाढव्य अमेरिकी ट्रकचा खर्च डोळ्यांवर येऊ लागला. कमी पेट्रोलवर एक टन माल नेणारी जपानी गाडी लोकांना एकाएकी शहाणपणाची वाटू लागली. १९८०मध्ये अमेरिकी सरकारने सांगाड्यांची पळवाट बुजवली आणि त्यांवरही २५ टक्के शुल्क बसवले. तोवर लहान पिकअपची सवय मात्र रुजली होती.

१७/
अमेरिकी कंपन्यांनी मग स्वतःच्या लहान पिकअप आणल्या : शेवरोलेची एस-१० आणि फोर्डची रेंजर. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉजने ‘डकोटा’ आणली. ती जपानी पिकअपहून मोठी आणि पूर्ण आकाराच्या ट्रकहून लहान होती, शिवाय तिला सहा सिलिंडरचे इंजिन मिळत होते. ‘मध्यम आकाराची पिकअप’ हा स्वतंत्र वर्ग अमेरिकेत रूढ होण्यात या गाडीचा वाटा मोठा आहे.

१८/
या काळात टोयोटाच्या अमेरिकी पिकअपला एक इंजिन लाभले, त्याचे नाव २२आर. २,३६६ सीसी, चार सिलिंडर, शंभरच्या आसपास अश्वशक्ती. बिडाचा जड ब्लॉक आणि झडपांचा मेळ राखण्यासाठी पट्ट्याऐवजी साखळी. सुरुवातीला कार्बोरेटर होता, पुढे इंधन फवारण्याची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. १९८१पासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे इंजिन चालत राहिले. ताकदीसाठी त्याचे कौतुक कोणी केले नाही. ते बंद पडत नाही, ही त्याची ख्याती होती.

१९/
अमेरिकेत ‘हायलक्स’ हे नाव १९७०च्या दशकाच्या मध्यास गळून पडले आणि गाडी नुसती ‘टोयोटा ट्रक’ किंवा ‘टोयोटा पिकअप’ म्हणून विकली जाऊ लागली. १९९१मध्ये तिचे उत्पादन कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे सुरू झाले आणि १९९५मध्ये तिची जागा खास त्या बाजारासाठी घडवलेल्या ‘टकोमा’ने घेतली. अशा रीतीने कोंबडीच्या भांडणातून एका गाडीचे दोन वंश झाले : एक अमेरिकेचा, दुसरा उरलेल्या जगाचा.

२०/
त्या दुसऱ्या वंशाच्या नशिबी डांबरी रस्ते थोडे होते. १९७८मध्ये हायलक्सची तिसरी पिढी आली आणि १९७९मध्ये तिला चारही चाकांना ताकद देणारी रचना मिळाली. पुढच्या चाकांची स्वतंत्र हालचाल काढून तेथेही मागच्यासारखाच सलग अ‍ॅक्सल आणि पोलादी पाटे बसवले. आराम कमी झाला, पण वाळू, चिखल आणि दगडधोंड्यांत मोडण्यासारखे भागही कमी झाले.

२१/
चालक एक वेगळा दांडा ओढून ताकद चारही चाकांकडे वळवत असे. त्याच दांड्याने ‘लो’ गिअर लागे. त्यात चाके सावकाश फिरतात, पण त्यांना मिळणारी ओढ कित्येक पट वाढते. रुतलेली गाडी बाहेर काढणे, नदीचा काठ चढणे, ओझ्यासह उतारावर ब्रेक न तापवता उतरणे, ही कामे त्यामुळे लहान इंजिनालाही जमू लागली.

२२/
याच पिढीत २,१८८ सीसीचे डिझेल इंजिनही मिळू लागले. ते संथ होते आणि आवाज मोठा करी. पण डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. त्यामुळे स्पार्क प्लग, वितरक आणि त्यांच्या तारा ही बिघाडाची सारी मंडळी वजा होतात. त्या काळचा इंधनपंपही यांत्रिकच होता. संगणकाचा प्रश्नच नव्हता. पान्हे, हातोडा आणि अनुभव असलेला कोणताही मिस्त्री ते उघडून पुन्हा जोडू शके.

२३/
ऑस्ट्रेलियातील पशुपालक, दक्षिण आफ्रिकेतील शेतकरी, थायलंडमधील भातउत्पादक, दुष्काळी प्रदेशांत धान्य पोहोचवणाऱ्या मदतसंस्था, या साऱ्यांना अशीच गाडी हवी होती. एकदा एखाद्या प्रदेशात ती पुरेशा संख्येने पोहोचली की तिचे सुटे भाग बाजारात मिळू लागतात, मिस्त्र्यांचा हात तिच्यावर बसतो, आणि पुढचा ग्राहकही तीच घेतो. टिकाऊपणाची कीर्ती जितकी पोलादातून येते, तितकीच या जाळ्यातूनही येते.

२४/
चाडच्या सैन्यानेही हेच हेरले. १९७३मध्ये लिबियाने चाडच्या उत्तरेकडील औझू पट्टा व्यापला होता आणि १९८०च्या दशकात त्याचे सैन्य त्याहूनही खाली दक्षिणेत आले होते. कर्नल गद्दाफींकडे सोव्हिएत रणगाडे आणि विमाने होती. चाडचे अध्यक्ष हिसेन हाब्रे यांच्याकडे वाळवंट ओळखणारे लढवय्ये होते. फ्रान्सने त्यांना मिलान ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे दिली आणि टोयोटा गाड्याही मिळाल्या. त्यांची संख्या साधारण ४०० सांगितली जाते.

२५/
त्या साऱ्या गाड्या हायलक्स नव्हत्या. टोयोटाची अधिक दणकट लँड क्रूझरही त्यांत होती. हौद्यात क्षेपणास्त्र किंवा विमानविरोधी तोफ बसवलेली, सोबत इंधनाची पिंपे आणि काही सैनिक. मिलानचा पल्ला सुमारे दोन किलोमीटर. गाड्या वेगाने बगलेवर येत, मारा करत आणि रणगाड्याची तोफ वळेपर्यंत निघून जात. वेग पुरेसा असेल तर सुरुंग गाडी पुढे गेल्यावर फुटतो, असा समज सैनिकांत होता. तो खरा मानून किती जणांनी जीव गमावला, याची नोंद नाही.

२६/
२२ मार्च १९८७ रोजी वादी दूम येथील लिबियाचा मोठा हवाई तळ पडला. बाराशेहून अधिक लिबियन सैनिक मारले गेले आणि शेकडो पकडले गेले. कैद्यांत तेथील सेनानी खलिफा हफ्तार होते. हेच हफ्तार पुढे लिबियाच्या यादवीतील एक प्रमुख नेते झाले. ५ सप्टेंबर रोजी चाडच्या तुकड्यांनी सरहद्द ओलांडून लिबियातील मातेन अस-सर्रा या तळावर छापा घातला. त्याच महिन्यात शस्त्रसंधी झाली.

२७/
औझू पट्ट्याचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी १९९४मध्ये निकाल चाडच्या बाजूने लागला. विजयाची ही कथा येथे थांबवली तर ती अपुरी राहील. ज्या हाब्रे यांच्या राजवटीने हा विजय मिळवला, त्याच राजवटीने स्वतःच्या प्रजेचा अनन्वित छळ केला होता. ३० मे २०१६ रोजी सेनेगलमधील विशेष न्यायालयाने हाब्रे यांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप दिली. आपल्या हौद्यात कोण बसले आहे, हे गाडीला कळत नाही.

२८/
हे कटू सत्य पुढेही वारंवार समोर आले. सोमालिया, अफगाणिस्तान, इराक, सीरिया, जेथे जेथे यादवी माजली तेथे तोफ चढवलेली पिकअप दिसली. २०१५मध्ये अतिरेक्यांकडे एवढ्या टोयोटा गाड्या कशा पोहोचल्या, अशी विचारणा अमेरिकी अर्थखात्याने कंपनीकडे केली. कोणत्याही दुरुस्तीच्या सोयीविना चालत राहणे, हा गुण रुग्णालयाला जितका हवा तितकाच बंडखोरालाही हवा असतो. एकाला मिळेल आणि दुसऱ्याला मिळणार नाही, अशी गाडी बनवता येत नाही.

२९/
या टिकाऊपणाची जाहीर परीक्षा २००३मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ने घेतली. १९८८ची एक जुनी डिझेल हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, पेटवली, तिच्यावर घरे पाडण्याचा लोखंडी गोळा आदळला, आणि शेवटी पाडायच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून इमारत स्फोटाने कोसळवली. साध्या अवजारांनी, नवे सुटे भाग न बसवता, ती पुन्हा सुरू झाली. तो मनोरंजनाचा भाग होता. पण वाळवंटातील मिस्त्र्याला जे ठाऊक होते ते त्यातून जगाला दिसले.

३०/
२००४मध्ये इतिहासाला मोठे वळण मिळाले. टोयोटाने एकाच शिडीच्या चौकटीवर पिकअप, बहुआसनी प्रवासी गाडी आणि एसयूव्ही अशी तीन रूपे उभारण्याची जागतिक योजना आखली. तिचे नाव ‘आयएमव्ही’. उत्पादनाचे मुख्य केंद्र जपानऐवजी थायलंड झाले. एक टनाची पिकअप हीच तेथे घराघरांतली गाडी आहे आणि करही तिला झुकते माप देतात.

३१/
त्या तीन रूपांपैकी पिकअप म्हणजे सातव्या पिढीची हायलक्स, एसयूव्ही म्हणजे फॉर्च्युनर आणि बहुआसनी गाडी म्हणजे इनोव्हा. २००५पासून महाराष्ट्राच्या रस्त्यांवर जिने लग्नाची वऱ्हाडे, अष्टविनायकाचे यात्रेकरू आणि मंत्र्यांचे ताफे वाहिले, ती इनोव्हा हायलक्सची सख्खी बहीण आहे. इनोव्हातील २.५ लिटरचे डिझेल इंजिन अनेक देशांत हायलक्सलाही बसवलेले होते.

३२/
नात्याचा दुसरा धागा अधिक जुना आहे. आयएमव्ही गाड्यांसाठीचे हस्तचलित गिअरबॉक्स कर्नाटकातील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर ऑटो पार्ट्स या कंपनीने बनवले आणि परदेशी पाठवले. या नावातील किर्लोस्कर म्हणजे १९१०मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घडवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे घराणे. त्याच घराण्यातील विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाशी भागीदारी केली. शेतकऱ्याच्या नांगरापासून शेतकऱ्याच्या पिकअपपर्यंतचा हा प्रवास एकाच आडनावाने जोडला आहे.

३३/
भारताला स्वतःची पिकअपही होती. पुण्याच्या टेल्कोने १९८८मध्ये ‘टाटामोबाइल’ आणली आणि तिच्याच पायावर १९९१मध्ये सिएरा उभी राहिली. मालवाहू चौकटीवर प्रवासी गाडी चढवण्याची हीच युक्ती टोयोटाने जागतिक प्रमाणावर नंतर राबवली. महाराष्ट्रात आज ‘पिकअप’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती महिंद्राची बोलेरो पिकअप, पहाटे बाजार समितीच्या फाटकाशी भाजीच्या क्रेटांनी लादून उभी असलेली.

३४/
हायलक्सची आठवी पिढी २०१५मध्ये थायलंडमध्ये अवतरली. तिच्या इंजिनांची यादी म्हणजे जगाचा नकाशाच. २.४ आणि २.८ लिटरची टर्बो डिझेल इंजिने बहुतेक देशांसाठी. इंधन स्वस्त असलेल्या आखाती देशांत २.७ लिटरचे चार सिलिंडरी किंवा ४ लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल. एक केबिन कामगारांसाठी, दुहेरी केबिन कुटुंबासाठी. दोन चाकांची ओढ रस्त्यासाठी, चार चाकांची रानासाठी.

३५/
जानेवारी २०२२मध्ये हायलक्स अखेर भारतात आली. केवळ दुहेरी केबिन, केवळ २.८ लिटर डिझेल, २०४ अश्वशक्ती. हस्तचलित गिअरबॉक्ससह टॉर्क ४२० न्यूटन-मीटर, स्वयंचलितसह ५००. चारही चाकांना ताकद, मागच्या अ‍ॅक्सलला इलेक्ट्रॉनिक कुलूप आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. आरंभीची किंमत ३३ लाख ९९ हजार रुपये, तीही रस्ता कर आणि नोंदणी वगळून.

३६/
१९६८च्या पहिल्या इंजिनाशी तुलना केली तर ताकद अडीच पटींहून अधिक झाली आहे. पण जुने डिझेल इंजिन पान्ह्याने उघडता येत होते. नव्या इंजिनातील अतिउच्च दाबाची फवारणी संगणक सांभाळतो. प्रदूषणाचे निकष पाळायचे तर दुसरा मार्गही नाही. हवा त्यामुळे स्वच्छ राहते, पण रस्त्याकडेच्या मिस्त्र्याच्या हातून गाडी निसटत जाते. ज्या गुणावर तिची कीर्ती उभी राहिली, त्याची ही किंमत आहे.

३७/
सुमारे १८० देशांत विकल्या गेलेल्या या गाडीने नावातील चैन खरी करून दाखवायला अर्धशतक घेतले. ज्याच्यासाठी ती बनली तो एक टन ओझ्याचा धनी भारतात तरी ती विकत घेऊ शकत नाही. तो आजही बोलेरोच्या हौद्यात कांदा भरतो. चाडच्या वाळूत मात्र जुन्या टोयोटा अजून धावतात. पाण्याची पिंपे, शेळ्या, धान्याची पोती आणि वर दाटीवाटीने बसलेली माणसे, असा त्यांचा माल असतो. हामुराच्या अभियंत्यांनी १९६८मध्ये डोळ्यांपुढे ठेवले होते, ते याच्याहून फार वेगळे नव्हते.
#इतिहास #धागासमाप्त